थायरॉइडच्या गाठीची इलास्टोग्राफी 'सॉफ्ट' आली, मग सुई टाळायची का?

रानजाई

नमस्कार मंडळी. थायरॉइडच्या गोळ्यांवर इथे ढीगभर धागे आहेत, गाठींवर जवळजवळ नाहीत. म्हणून नवा काढतेय.

वहिनीच्या (वय ४३) गळ्यात उजवीकडे गाठ लागते. दुखत नाही, गिळायला त्रास नाही, आवाज तसाच आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल. गावातल्या डॉक्टरांनी मिरजेला सोनोग्राफीला पाठवलं. रिपोर्टमधलं मुद्द्याचं तेवढं लिहिते: उजव्या लोबमध्ये १८ × १२ × ११ मिमीची गाठ, सॉलिड, हायपोइकोइक (सोनोग्राफीत आजूबाजूपेक्षा काळपट), वाइडर दॅन टॉल, मार्जिन स्मूथ, कॅल्सिफिकेशन नाही, टायरॅड्स (सोनोग्राफीवरून कॅन्सरचा संशय ठरवायची श्रेणी) ४. त्याखाली आणखी एक ओळ, गाठ किती कडक ते बघणाऱ्या तपासणीची: 'स्ट्रेन इलास्टोग्राफी, स्कोअर २, सॉफ्ट, फेवर्स बिनाइन.' म्हणजे मऊ, बहुधा साधी, कॅन्सर नसलेली.

डॉक्टर म्हणतात एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करून घ्या. आई म्हणते, एवढं मोठं मशीन मऊ आहे म्हणतंय, मग गळ्यात सुई कशाला खुपसायची? दादाचं म्हणणं सहा महिने थांबू. वहिनी म्हणते तुम्ही ठरवा, आणि मला तेच जास्त खटकतंय.

दुसरी शंका. रिपोर्टसोबत रंगीत चित्र आहे. त्यात गाठ बरीचशी हिरवी, मध्ये लाल ठिपके, एका कडेला निळा पट्टा. नर्सिंग केलेल्या चुलतबहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो बघितला आणि म्हणाली, लाल म्हणजे कडक, रिपोर्ट नीट बघून घ्या. आता कुणाचं खरं मानायचं?

तिरसट

डॉक्टरांनी एफएनएसी सांगितलीय. इथे विचारून काय वेगळं निघणार आहे?

रानजाई

त्यांना विचारलं होतं. "ती ओळ सोडून द्या" म्हणाले. का सोडायची ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. घरच्यांना पटवायचं तर ते 'का' मला हवंय.

खडूस_इंजिनिअर

वैद्यकीय सल्ला माझ्याकडून नको, पण हे तंत्र चालतं कसं ते सांगतो. ते कळलं की 'मशीन म्हणतंय' यातली निम्मी हवा निघते.

कणकेच्या गोळ्यात एक सुपारी घाला आणि वरून तळव्याने दाबा. कणीक चपटी होते, सुपारी होती तशीच राहते. दाबण्याआधीचं आणि दाबल्यावरचं सोनोग्राफीचं चित्र ताडून बघितलं तर कुठला भाग किती दबला ते कळतं. ह्यूस्टनमध्ये जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली हे मांडलं. वहिनींची झाली ती स्ट्रेन इलास्टोग्राफी याच जातीची. यातली गोम अशी की आत नेमका किती दाब पोचला हे यंत्राला ठाऊक नसतं. त्यामुळे 'हा भाग शेजारच्या भागापेक्षा कमी दबला' एवढंच ते सांगू शकतं. कडकपणाचा स्वतंत्र आकडा त्यातून निघत नाही, निघालं तर गुणोत्तर निघतं. रिपोर्टात 'स्ट्रेन रेशो' दिसतो तो हाच.

दुसरी जात शिअर वेव्हची. तिथे हाताने दाबायचं नसतं. प्रोबच (सोनोग्राफीत अंगावर टेकवतात ते) ध्वनीचा एक जोरकस झटका आत सोडतो आणि त्या ठिकाणाहून पेशीसमूहात आडवी लाट पसरते. साधा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, ही आडवी लाट मात्र सेकंदाला जेमतेम काही मीटर. तिचा माग काढायला सेकंदाला हजारो चित्रं लागतात. पॅरिसला माथियास फिंक यांच्या प्रयोगशाळेत हे काम उभं राहिलं. कडकपणा = ३ × घनता × वेगाचा वर्ग. वेग २ मीटर निघाला तर १२ किलोपास्कल (कडकपणाचं एकक), ४ मीटर निघाला तर ४८. वेगाचा वर्ग असल्यामुळे वेग मोजताना १० टक्के चूक झाली की उत्तरात २१ टक्के चूक होते. किलोपास्कलमधला आकडा दशांशापर्यंत छापलेला बघून भारावून जाऊ नका, इतकंच.

प्रोब_आणि_जेल

मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभर लोकांचे गळे आणि पोटंच बघत असतो. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण रिपोर्टमधल्या ओळींचा अर्थ सांगायला हरकत नाही.

आधी रंगाचं मिटवू, कारण यावरून मी भलेभले गोंधळलेले पाहिलेत. बऱ्याच स्ट्रेन मशीनवर निळा म्हणजे कडक आणि लाल म्हणजे मऊ. शिअर वेव्हच्या बहुतेक मशीनवर बरोब्बर उलटं, लाल कडक आणि निळा मऊ. शिवाय कंपनीगणिक फरक असतो आणि सेटिंगमध्ये रंग फिरवताही येतात. म्हणून चित्राच्या कडेला उभी रंगपट्टी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला काय लिहिलंय ते बघा. 'हार्ड' किंवा नुसतं 'एच' निळ्याशी असेल तर रिपोर्ट आणि चित्र एकच सांगताहेत. चुलतबहिणीने शिअर वेव्हची चित्रं पाहिलेली असतील.

रानजाई

बघितलं. निळ्या टोकाला एच आहे, लाल टोकाला एस. म्हणजे निळा पट्टा कडक?

प्रोब_आणि_जेल

हो, आणि बाकीची गाठ मऊ. स्कोअर २ याचा अर्थच तो: बराचसा भाग दबतो, थोडा दबत नाही. स्कोअर १ म्हणजे सगळी गाठ दबते. ३ मध्ये फक्त कडेचा भाग दबतो. ४ मध्ये गाठ कुठेच दबत नाही, आणि ५ मध्ये गाठीबरोबर तिच्या आजूबाजूचा भागही कडक असतो.

आता सुईचा मुद्दा. रिपोर्टमधली इलास्टोग्राफीची ओळ हाताने झाका आणि वरचं वाचा. अमेरिकेच्या कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१७ ची टायरॅड्स पद्धत लावली तर सॉलिडला २ गुण, हायपोइकोइकला २, आकार आडवा म्हणून ०, कडा गुळगुळीत म्हणून ०, कॅल्शियमचे ठिपके नाहीत म्हणून ०. एकूण ४, म्हणजे टीआर ४. या गटात १.५ सेंमी किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर एफएनएसी सुचवतात. वहिनींची १.८ सेंमी आहे. सुई इथेच ठरली. या गुणपत्रिकेत इलास्टोग्राफीला रकानाच नाही. तुमचे डॉक्टर "सोडून द्या" म्हणाले ते यामुळे.

रकाना का नाही, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. २००७ साली इटलीत पिसाच्या रागो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. ऑपरेशन होणाऱ्या ९२ पेशंटच्या गाठी त्यांनी आधी इलास्टोग्राफीने तपासल्या. स्कोअर १ आणि २ च्या ४९ गाठी, सगळ्या साध्या. ३ च्या १३, त्यात एक कॅन्सर. ४ आणि ५ च्या ३०, सगळ्या कॅन्सर. आमच्या क्षेत्रात असे निकाल सहसा बघायला मिळत नाहीत. तेव्हा वाटलं होतं, सुईचे दिवस भरले.

पण ते आकडे पुन्हा बघा. ९२ पैकी ३१ कॅन्सर, म्हणजे दर तिघांत एक. ही मंडळी आधीच गाळून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत आलेली होती. माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत येणाऱ्या गाठींत कॅन्सरचं प्रमाण इतकं नसतं. ढोबळमानाने शंभरात ७ ते १५ धरतात. नंतर सोलच्या रेडिओलॉजिस्टांनी ७०३ भरीव गाठी तपासल्या, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. तिथे साध्या करड्या सोनोग्राफीने इलास्टोग्राफीला मागे टाकलं आणि दोन्ही एकत्र करूनही फायदा दिसला नाही.

कुंदामावशी

माझा अनुभव लिहिते. मला बरीच वर्षं हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) आहे, थायरॉक्सिन चालू आहे. मागे ठाण्यात एका सेंटरवर इलास्टोग्राफी केली, वेगळे पैसे घेऊन. रिपोर्टात गाठ 'इंटरमीडिएट' आणि ग्रंथी 'डिफ्यूजली स्टिफ'. दुसऱ्या सेंटरवर केली तर तीच गाठ 'सॉफ्ट'. मधल्या काळात मी काही योगासनं केली नव्हती. एफएनएसीत काही वाईट निघालं नाही. पण एकच गाठ दोन ठिकाणी दोन तऱ्हेची कशी, हे मला आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा आता.

प्रोब_आणि_जेल

मावशी, तुमच्या बाबतीत एक कारण तर हाशिमोटोच असू शकतं. स्ट्रेन रेशो काढताना गाठीची तुलना शेजारच्या निरोगी थायरॉइडशी करतात. तुमच्यात शेजारच मुळात कडक झालेला. मापाचा दगडच जड असेल तर मालाचं वजन कमीच भरणार. अशा वेळी काही जण तुलनेसाठी गळ्यातला स्नायू घेतात. एका सेंटरने ग्रंथी घेतली आणि दुसऱ्याने स्नायू, तर दोन आकडे वेगळे येणारच.

दुसरं कारण हात. बघा आम्ही काय करतो ते. पेशंट उताणा, मानेखाली उशी, हनुवटी वर. जेल भरपूर, प्रोब जेमतेम टेकलेला. मग अगदी हलकं खालीवर. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा निर्देशक असतो, दाब नीट बसला की तो हिरवा होतो किंवा त्याचा आकडा वर चढतो. तेवढ्यात पेशंट आवंढा गिळतो आणि सगळं वाहून जातं. पुन्हा पहिल्यापासून. पेशंटला श्वास रोखायला सांगायचं, तीन-चार वेळा चित्रं घ्यायची, एकसारखी आली तरच स्कोअर लिहायचा. घाईच्या दिवशी हे सगळीकडे इतक्या निगुतीने होत असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. प्रोब जोरात दाबला तर मऊ गाठही कडक दिसायला लागते, कारण दबलेला भाग आणखी दबत नाही. शिअर वेव्हलाही हा नियम लागू आहे. तिथे हाताने दाबायचं नसतं म्हणून चूक होत नाही, असं कुणी समजू नये.

आणि गळ्यात एक भाडोत्री ठोकाही चालू असतो. थायरॉइडला खेटून कॅरोटिड धमनी धडधडत असते. काही पद्धतींत हाताऐवजी तिच्याच ठोक्याचा दाब वापरतात. नाही वापरला तरी तो मध्ये लुडबुड करतोच.

बोस्टनकर

इकडची माहिती. माझ्या बायकोच्या गाठीचा तीन वर्षं फॉलोअप चालू आहे, इलास्टोग्राफीचा शब्दही कुणी काढला नाही. मी एंडोक्रिनॉलॉजिस्टला विचारलं तर तिने अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं. त्यांचा सूर असा की जोखीम ठरवायला हे तंत्र कामी येऊ शकेल, पण साध्या सोनोग्राफीवरून सुई ठरली असेल तर इलास्टोग्राफी बघून तो निर्णय बदलू नये. लठ्ठ पेशंट, एकमेकींना चिकटलेल्या अनेक गाठी, खूप मागे किंवा खाली असलेली गाठ, यांच्यात ते नीट करताच येत नाही असंही तिथे आहे.

प्रोब_आणि_जेल

बरोबर. युरोपात उत्साह जरा जास्त होता. फ्रेंचांच्या जुन्या टायरॅड्समध्ये कडकपणा हा संशयाचा एक निकष होता. २०१७ साली युरोपची एकत्रित टायरॅड्स आली तेव्हा तो मुख्य निकषांतून गेला. पूरक म्हणून वापरा, साध्या सोनोग्राफीची जागा त्याला देऊ नका, असा पवित्रा घेतला.

रानजाई

मग प्रश्न असा पडतो की करतातच कशाला? रिपोर्टात ती ओळ नसती तर आमच्या घरात वाद झालाच नसता.

तिरसट

मशीन घेतलंय तर हप्ते फेडायला नकोत का?

प्रोब_आणि_जेल

तिरसटराव, काही ठिकाणी तसंही होत असेल, नाकारत नाही. पण सगळा दोष हप्त्यांचा नाही.

एक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. १०० गाठी, त्यातल्या १० कॅन्सरच्या. समजा इलास्टोग्राफी १० पैकी ८ पकडते, आणि साध्या ९० पैकी ७२ ना 'मऊ' म्हणते. मग 'कडक' म्हणून बाजूला काढलेल्या गाठी २६, त्यात कॅन्सर ८. 'मऊ' म्हटलेल्या ७४, त्यात कॅन्सर २. आता ज्या गाठीचा संशय आधीच कमी आहे, तिला 'मऊ' म्हटलं तर मला आणि पेशंटला थोडा निवांतपणा मिळतो. पण संशय आधीच मध्यम असेल, तर चुकलेल्या त्या दोघांत माझा पेशंट नसेलच असं मी म्हणू शकत नाही.

मला तिचा खरा उपयोग उलट्या बाजूने होतो. टीआर ३ ची दोन सेंमीची गाठ आहे, नियमाने २.५ सेंमीपर्यंत सुई नको. पण ती दगडासारखी निघाली तर मी क्लिनिशियनला फोन करतो. किंवा एका गळ्यात पाच गाठी आहेत आणि सुई कुठे घालायची ते ठरत नाही. किंवा पहिल्या एफएनएसीत पुरेसा माल आला नाही, तेव्हा दुसऱ्यांदा गाठीच्या नेमक्या कुठल्या भागातून घ्यायचा. थोडक्यात, 'कडक' हा शब्द मी ऐकतो. 'मऊ' या शब्दावरून कुणाची सुई रद्द करत नाही.

शिअर वेव्हचे आकडे विचारणार असाल तर तेही सांगून टाकतो. मार्सेच्या सेबाग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ६५ किलोपास्कलची रेघ ओढली. हाँगकाँगच्या एका गटाची रेघ ३५ च्या आसपास होती. कोरियात ८५ सुद्धा निघालीय. यंत्र वेगळं, पेशंट वेगळे, आकडा गाठीतला सरासरी घ्यायचा की सर्वात जास्त, यावर एकमत नाही. म्हणून "माझे ४० आलेत, घाबरायचं का" या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर नसतं.

निसर्गरम्य

कांचनार गुग्गुळ सहा महिने घेऊन बघा. गाठी विरघळलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. सुईने गाठ चिघळते आणि कॅन्सर पसरतो.

स्लाइडवाली

सायटोपॅथॉलॉजिस्ट (सुईने काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर) आहे, म्हणून या शेवटच्या वाक्यापुरती आले आणि आता बसतेच.

सुईने पसरतो ही भीती मी आठवड्यातून कितीदा तरी ऐकते. थायरॉइडच्या एफएनएसीला साधारण २५ गेजची सुई वापरतात, रक्त काढतात तिच्यापेक्षा बारीक. सुईच्या मार्गात पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फारच विरळ, आणि त्या भीतीने तपासणी टाळावी असं कुठल्याही थायरॉइड संघटनेचं म्हणणं नाही. काढा-गुग्गुळ ज्यांना घ्यायचं ते वैद्यांना विचारून घ्या, पण गाठ काय आहे हे कळल्यानंतर.

रानजाई, तुमच्या आईंना सांगायला एक मुद्दा देते, जो वर कुणी मांडला नाही. 'कडक म्हणजे वाईट, मऊ म्हणजे चांगली' हे मुख्यतः पॅपिलरी कॅन्सरला लागू पडतं. थायरॉइडच्या कॅन्सरांत तोच सर्वात जास्त आढळतो. त्याच्या आत तंतू माजतात, कॅल्शियमचे बारीक कण असतात, म्हणून तो दबत नाही. फॉलिक्युलर कॅन्सरचं तसं नाही. त्याची रचना निरोगी ग्रंथीच्या इतकी जवळची असते की गाठ बऱ्याचदा मऊच लागते. इलास्टोग्राफीला चकवणाऱ्यांत तो पुढे आहे. उलट बाजूलाही चकवणारे आहेत: साध्या गाठीभोवती कॅल्शियमचं कवच असलं की ती कडक दिसते. आणि व्हायरल तापानंतर येणारा दुखरा सबअक्यूट थायरॉइडायटिस तर इतका कडक दिसतो की भलताच संशय यावा. गाठीत पाणी असेल तर रंगांचे पट्टे दिसतात, त्यांना काहीच अर्थ नसतो.

आता माझ्या खात्याची मर्यादाही सांगते. फॉलिक्युलर ॲडिनोमा (साधी गाठ) आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांतला फरक सुईनेही कळत नाही. तो ठरतो पेशी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर पडल्यात का यावर, आणि ते बघायला अख्खी गाठ काढून तिचे काप घ्यावे लागतात. मी स्लाइडवर नुसत्या सुट्या पेशी बघते, आवरण नाही. तेव्हा 'सुई केली की शंभर टक्के उत्तर' असंही घरी सांगू नका.

खडूस_इंजिनिअर

म्हणजे बाहेरून दाबून कळत नाही, आतून काढूनही कळत नाही. मग माणसाने करायचं काय?

स्लाइडवाली

बहुतेकांचं कळतं हो. जे अर्धवट राहतात त्यांनाही बसवता यावं म्हणून एफएनएसीच्या रिपोर्टांची बेथेस्डा पद्धत आहे. सहा गट. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाला कॅन्सरची सरासरी जोखीम दिली आहे. गट २, म्हणजे साधी गाठ, ४ टक्के. गट ३ ला २२, गट ४ ला ३०, गट ५ ला ७४, गट ६ ला ९७. गट १ म्हणजे पुरेसा नमुनाच नाही, तिथे पुन्हा सुई. बरेचसे रिपोर्ट गट २ मध्येच येतात आणि पेशंट नुसता वर्ष-दोन वर्षांनी सोनोग्राफीला जातो.

तिरसट यांच्या हप्त्यांच्या मुद्द्यावरही थोडं बोलायला हवं. जास्त तपासण्यांनी खरंच नुकसान होतं, आणि त्याचं ठळक उदाहरण थायरॉइडच आहे. दक्षिण कोरियात १९९९ पासून कॅन्सर तपासणीची सरकारी मोहीम सुरू झाली. तिच्याबरोबर थोडे पैसे जास्त देऊन थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. २०११ मध्ये तिथे ४०,००० हून अधिक लोकांना थायरॉइड कॅन्सरचं निदान झालं, १९९३ च्या दराच्या १५ पट. मृत्यूचा दर मात्र होता तिथेच. म्हणजे जे बारके कॅन्सर आयुष्यभर गप्प बसले असते, ते उकरून काढले आणि हजारो लोकांचे गळे कापले गेले. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासूनच १ सेंमीपर्यंतच्या कमी जोखमीच्या पॅपिलरी गाठी ऑपरेशन न करता नुसत्या नजरेखाली ठेवायला सुरुवात केली होती. त्यामुळे काहीच त्रास नसताना 'एकदा इलास्टोग्राफी करून घेऊ' म्हणून कुणी रांग लावू नये. वहिनींची गोष्ट वेगळी. त्यांची गाठ हाताला लागते, १.८ सेंमीची आहे, आणि सोनोग्राफीने बोट दाखवलंय.

कुंदामावशी

रानजाई, वहिनीला सांग, दुखतं ते डासाच्या वर आणि इंजेक्शनच्या खाली. मला लोकल सुद्धा दिलं नव्हतं. फक्त सुई आत असताना आवंढा गिळायचा नाही, आणि नेमका तेव्हाच तो येतो. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं, बाकी काही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायला हवं.

रानजाई

कळवायला उशीर झाला, दिवाळी मध्ये आली.

हा धागा मी दादाच्या फोनवर उघडून दिला आणि तो वहिनीने वाचला. सगळा. रंगपट्टीचं वाचून स्वतःच फोटो काढून बघत बसली. मग आईंना म्हणाली, "गळा माझा आहे, मी करून घेते." आई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी बरोबर गेल्या. दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड बघून आईंनी विचारलं, "गळ्याला पण हेच लागतं का?" वहिनीला त्या टेबलावर हसू आवरेना आणि डॉक्टर रागावले, हलू नका म्हणून.

रिपोर्ट आला. बेथेस्डा ३, 'एटिपिया ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स' (पेशी जराशा वेगळ्या, पण अर्थ नक्की नाही). म्हणजे नेमकं ते अर्धवटच. दादाने वर २२ टक्के वाचलं आणि तो हबकलाय. आता?

स्लाइडवाली

हबकायचं कारण नाही. २२ म्हणजे ७८ जणांना कॅन्सर नसतो. आणि हा आकडा बराचसा ऑपरेशन झालेल्यांवरून निघतो, ज्यांच्याबद्दल संशय जास्त होता असे लोक. गट ३ मध्ये साधारण तीन वाटा असतात: पुन्हा एफएनएसी, जनुकीय तपासणी, किंवा त्या बाजूचा लोब काढणं. जनुकीय तपासणी आपल्याकडे महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. दुसऱ्यांदा सुई केली की बऱ्याच जणांचा गट स्पष्ट होतो. काही डॉक्टर मध्ये तीन महिने थांबायला सांगतात, पहिल्या सुईमुळे पेशींत झालेले बदल निवावेत म्हणून. रिपोर्टात एटिपिया कसली आहे ते बघा. 'न्यूक्लिअर' लिहिलं असेल तर ते जास्त गांभीर्याने घेतात. जुन्या स्लाइड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घेता येतात.

रानजाई

न्यूक्लिअर असं काही नाही, 'अदर' लिहिलंय. सर्जननी पुन्हा सुई सांगितलीय, फेब्रुवारीत. आता आईच विचारताहेत, तेव्हा ते रंगीत चित्र पुन्हा काढायचं का?

प्रोब_आणि_जेल

काढलं तर चालेल, मुद्दाम त्यासाठी दुसऱ्या सेंटरवर जाऊ नका. शक्यतो त्याच मशीनवर करा, आणि जुना रिपोर्ट चित्रांसकट बरोबर न्या. आधीची स्ट्रेन होती, तेव्हा दुसरीकडच्या किलोपास्कलशी तिची तुलना करायला जाऊ नका. मागच्या चित्रातला तो कडेचा निळा पट्टा सुई घालणाऱ्याला दाखवा, या वेळी तिथूनही थोडा नमुना घेता येईल. माझ्या मते तुमच्या केसमध्ये इलास्टोग्राफीचा एवढा एकच उपयोग शिल्लक आहे.

रंगांपेक्षा मापांकडे लक्ष ठेवा. तिन्ही मापं लिहून घ्या. दोन मापांत २० टक्के वाढ, आणि ती प्रत्येकी किमान २ मिमी, असेल तरच गाठ वाढली म्हणतात. १८ ची १९ झाली म्हणून रात्री मेसेज करू नका.

गोट्या_सोलापूर

चांगला धागा. माझ्या सासऱ्यांच्या फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हरचा कडकपणा मोजतात ती तपासणी) १४ किलोपास्कल आलेत. वर ६५ ची रेघ म्हटलंय, म्हणजे त्यांचं नॉर्मल आहे ना?

प्रोब_आणि_जेल

नाही! ती रेघ थायरॉइडच्या गाठींची आहे, लिव्हरला चुकूनही लावू नका. लिव्हरला १४ हा चांगला आकडा नाही. सासऱ्यांना या आठवड्यातच पोटविकार तज्ज्ञांकडे न्या आणि वेगळा धागा काढा. तिथे लिहितो.